डोळे मिटून एकदा खेळून पाहा
काही वर्षांपूर्वी मी एका गेमिंग वेबसाइटचं नोंदणीचं पान बनवलं. बटणांवर चित्रं होती, पण कोडमध्ये त्यांना नावं द्यायची राहिली. स्क्रीन रीडर वापरणाऱ्या एका अंध तरुणाला फक्त ‘बटण, बटण’ एवढंच ऐकू आलं. तो पहिल्याच पानावर अडला. चूक माझी होती. दुरुस्तीला १० मिनिटं लागली.

२०२० सालच्या ‘द लास्ट ऑफ अस पार्ट २’मध्ये सुलभतेच्या ६०हून अधिक सेटिंग्ज आहेत. आवाजाच्या खुणांवर अंध खेळाडूही तो शेवटपर्यंत खेळतात. म्हणजे तंत्रज्ञान आहे. कमी पडतो तो आपला विचार.

दोस्तांनो, तुमच्यापैकी अनेक जण कोडिंग शिकताय. पान तयार झालं की फोनमधलं टॉकबॅक सुरू करा, डोळे मिटा आणि ते वापरून पाहा. तुम्ही जिथे अडाल, तिथून कुणीतरी रोज परत जातंय.