जाता जाता शहर बघा

मराठवाड्यात पाणी, शाळा, आरोग्य अशा कामांसाठी बाहेरून तरुण स्वयंसेवक येतात. महिनोन्महिने खेड्यात राबतात आणि छत्रपती संभाजीनगरहून रात्रीची गाडी पकडून परत जातात. वेरूळ-अजिंठा पाहून झालेलं असतं. शहर मात्र राहूनच जातं. या अंकातले अनुभव वाचताना हीच रुखरुख वारंवार जाणवली.

शेवटचा शनिवार-रविवार नवरात्रात आला, तर त्यासारखं भाग्य नाही. बिकानेरचा राजा कर्णसिंह याच्या नावावरून ओळखल्या जाणाऱ्या कर्णपुऱ्यात तुळजाभवानीची यात्रा भरते. भल्या पहाटे अनवाणी निघालेल्या बायाबापड्या, परड्या, कवड्यांच्या माळा, गोडीशेवेचे ढीग आणि रात्री उशिरापर्यंत फिरणारे आकाशपाळणे. दिवसा मलिक अंबरने १६१२ मध्ये उभारलेला भडकल दरवाजा पाहावा, दुपारी पिवळसर झाक असलेला गरम नान आणि खलिया चापावा.

पाणचक्की तर स्वयंसेवकाने चुकवूच नये. डोंगरातून खापराच्या नळांनी आणलेल्या पाण्यावर इथलं जातं फिरायचं आणि बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यातल्या फकिरांसाठी, वाटसरूंसाठी पीठ दळलं जायचं. अन्नदानाची अशी सोय या शहराने शतकांपूर्वीच केली होती.

संस्थांना आमची एकच विनंती आहे: निरोपाचा नारळ, शाल जरूर द्या, पण त्याआधी दोन दिवस सुट्टी द्या आणि सोबतीला एक गाववाला द्या.

— संपादक