सीसीआयईची तयारी आणि घरच्यांचा हिशेब

मुलगा नेटवर्किंगचे शिक्षण घेत आहे हे सांगताना आज अनेक वालिदैनना अभिमान वाटतो, आणि तो वाटलाच पाहिजे. परंतु "परीक्षा कधी? पास कधी होणार? पगार कधी वाढणार?" असे तीन प्रश्न रोज रात्री दस्तरखानावर विचारले जाऊ लागले की मुलाचे लक्ष अभ्यासावरून उडते आणि तो आडवाट शोधू लागतो. सीसीआयई या परीक्षेच्या बाबतीत हा धोका फार मोठा आहे. माझा धंदा कापडाचा. संगणकाचे तंत्र मी जाणत्या मुलांकडून समजून घेतले आहे. पण भांडवल, मुदत आणि जोखीम या गोष्टी व्यापाऱ्याला कळतात, आणि या परीक्षेत त्या तिन्ही आहेत.

माझे म्हणणे थोडक्यात असे : ज्या घराला मुलाने ही परीक्षा द्यावी असे वाटते, त्या घराने तो पहिल्या खेपेस नापास होईल याची तरतूद आधीच वहीत लिहून ठेवावी. ती तरतूद होत नसेल तर मुलाला थोडे थांबू द्यावे, पण घाई करू नये.

ही परीक्षा आहे तरी काय?

बँक, इस्पितळ, विमानतळ, कारखाना अशा ठिकाणी शेकडो संगणक एकमेकांशी जोडलेले असतात. ते जोडण्याचे काम राउटर व स्विच नावाची यंत्रे करतात. सिस्को ही अशी यंत्रे बनवणारी अमेरिकन कंपनी. तिने १९९३ साली 'सिस्को सर्टिफाइड इंटरनेटवर्क एक्स्पर्ट' म्हणजेच सीसीआयई ही परीक्षा सुरू केली. पास होणाऱ्या प्रत्येकाला एक क्रमांक मिळतो. या क्रमांकांची सुरुवात १०२४ पासून झाली, आणि गंमत अशी की तो पहिला क्रमांक कोणा माणसाला न देता परीक्षेच्या प्रयोगशाळेलाच देण्यात आला. पहिल्या माणसाचा क्रमांक १०२५. प्रात्यक्षिक परीक्षा पूर्वी दोन दिवस चालत असे. २००१ पासून ती एका दिवसाची झाली.

फेब्रुवारी २०२० मध्ये परीक्षेची रचना बदलली. त्या रचनेत दोन पायऱ्या आहेत. पहिली म्हणजे १२० मिनिटांची 'कोअर' परीक्षा, फी ४०० डॉलर. ती पास झाल्यापासून तीन वर्षांच्या आत दुसरी पायरी, म्हणजे आठ तासांची प्रात्यक्षिक परीक्षा द्यावी लागते. तिची फी १६०० डॉलर. ही प्रयोगशाळा आपल्या देशात बेंगळुरूला आहे, म्हणजे महाराष्ट्रातील उमेदवाराला प्रवास व मुक्काम धरावाच लागतो.

आठ तासांचे दोन भाग असतात. पहिले तीन तास आराखड्याचे. यात यंत्राला हात लावायला मिळत नाही. एका काल्पनिक कंपनीचे नकाशे, पत्रव्यवहार व कागदपत्रे दिली जातात आणि त्यावरून योग्य मार्ग निवडायचा असतो. एकदा उत्तर देऊन पुढे गेले की मागे फिरता येत नाही. उरलेले पाच तास प्रत्यक्ष कामाचे : जाळे उभे करणे, चालवणे, बिघडले असेल तेथे दुरुस्त करणे. दोन्ही भागांत किमान गुण मिळालेच पाहिजेत, आणि शिवाय एकूण बेरीजही पुरेशी भरली पाहिजे.

एक नियम घरच्यांनी नीट समजून घ्यावा. एखाद्या प्रश्नात पाच अटी असतील आणि मुलाने चार बिनचूक पाळल्या, तर त्याला चार पंचमांश गुण मिळत नाहीत. शून्य मिळतो. आपण व्यापारी लोकांनी यात नवल मानू नये. रंग बरोबर, पन्हा बरोबर, ताक्याची लांबी बरोबर, पण सूत ठरल्यापेक्षा हलके निघाले, तर गिऱ्हाईक तीन चतुर्थांश पैसे देत नाही, माल परत पाठवते. म्हणून हुशार व अनुभवी मुलेही पहिल्या खेपेस नापास होतात. त्यात कमीपणा नाही.

रुपयांचा आणि तासांचा हिशेब

डॉलरचा भाव ८५ रुपये धरला तर दोन्ही पायऱ्यांच्या २००० डॉलरचे १ लाख ७० हजार रुपये होतात. प्रात्यक्षिक दुसऱ्यांदा द्यावे लागले तर आणखी १ लाख ३६ हजार. म्हणजे कर, प्रवास, मुक्काम, पुस्तके व सरावाचा खर्च सोडून ३ लाख ६ हजार रुपये झाले. फी व डॉलरचा भाव बदलत असतात, तेव्हा अर्ज भरण्याआधी कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावर आकडा तपासून घ्यावा. जो बाप फक्त १ लाख ७० हजारांची तयारी ठेवतो, त्याने अर्धाच माल विकत घेतला आहे असे समजावे.

परंतु पैशापेक्षा मोठे भांडवल वेळेचे आहे. नोकरी करणारा मुलगा सहा दिवस रोज दोन तास आणि सुटीच्या दिवशी सहा तास बसला, तर आठवड्याचे १८ तास होतात. दीड वर्षाचे सुमारे १४०० तास. हे तास घरातूनच काढावे लागतात. दुकानावर संध्याकाळी बसणे, पाहुण्यांना स्टेशनवर सोडणे, प्रत्येक शादीत दोन-दोन दिवस राबणे, यांतून त्याला मोकळीक मिळाली पाहिजे. लग्न झालेले असेल तर ओझे त्याच्या बीबीवर पडते, हेही घरातील मोठ्यांनी जाणून तिचा हात हलका करावा. आपण पैसे काढून देतो पण मोकळीक देत नाही. मग तेच पैसे फुकट जातात.

पायरी चुकवू नये

या परीक्षेला बसण्यासाठी आधीच्या कोणत्याही सनदेची सक्ती नाही. त्यामुळे बारावी झालेल्या मुलालाही काही क्लासवाले थेट सीसीआयईचा कोर्स विकतात. सक्ती नसणे वेगळे आणि तयारी असणे वेगळे. स्वतः कंपनीचा सल्ला पाच ते सात वर्षांच्या अनुभवाचा आहे. सरळ वाट अशी : आधी सीसीएनए, मग नोकरी, मग सीसीएनपी. सीसीएनपीसाठी दिलेली कोअर परीक्षाच सीसीआयईची पहिली पायरी म्हणून चालते, म्हणजे तो खर्च दुबार होत नाही. या वाटेने जाणारा मुलगा पुढे प्रात्यक्षिकापर्यंत पोहोचला नाही तरी रिकाम्या हाताने परतत नाही.

अभ्यास काय करावा, याचा अंदाज परीक्षेच्या वाटणीवरून येतो. एंटरप्राइझ इन्फ्रास्ट्रक्चर या शाखेत जाळ्याच्या मूळ रचनेला ३० टक्के, सॉफ्टवेअरने चालणाऱ्या जाळ्यांना २५ टक्के, आणि दूरच्या शाखा जोडण्याचे तंत्र, सुरक्षा व सेवा, तसेच प्रोग्राम लिहून कामे आपोआप करून घेणे या तीन विषयांना प्रत्येकी १५ टक्के वाटा आहे. यंत्रे आता आपणहून कामे करू लागली, मग हे शिकून उपयोग काय, असे विचारणाऱ्यांनी हे आकडे पाहावेत. पायथॉन भाषा आता या परीक्षेचाच भाग आहे. मात्र ओएसपीएफ व बीजीपी हे संदेशाला वाट दाखवणारे जुने नियम ज्याला कळत नाहीत, त्याला नवी सोयही बिघडली की दुरुस्त करता येत नाही.

या नियमांचे मूळ दस्तऐवज 'आरएफसी' नावाने सर्वांना मोफत वाचायला मिळतात. ओएसपीएफचा १९९८ सालचा क्रमांक २३२८, बीजीपीचा २००६ सालचा क्रमांक ४२७१. जेफ डॉइल यांचे 'राउटिंग टीसीपी/आयपी' हे पुस्तक जुने असले तरी पाया पक्का करायला उपयोगी आहे. पूर्वी सरावासाठी राउटरची मांडणीच घरी उभारावी लागे. आता जीएनएस३ किंवा ईव्हीई-एनजी यांसारख्या मोफत मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर एका दणकट संगणकात जाळे उभे करता येते. तेव्हा महागड्या क्लासच्या पावतीआधी चांगला संगणक घ्यावा.

सराव करताना मुलाने केलेले काम मुद्दाम मोडावे आणि बिघाड घड्याळ लावून शोधावा. मालाची तपासणी स्वतः करण्याची सवयही हवी. प्रत्येक कामानंतर अटी पुन्हा वाचून एकेक पडताळून पाहणे हा परीक्षेचा अर्धा भाग आहे. आठ तास एका जागी डोके शांत ठेवणे हीही सवय आहे. ती शेवटच्या महिन्यात लागत नाही. म्हणून परीक्षेपूर्वी पूर्ण आठ तासांचे काही सराव घरीच करावेत, आणि त्या दिवशी त्याला कोणी हाक मारू नये.

उर्दू शाळेतील मुलांची भीती

ही परीक्षा इंग्रजीत असते. मी स्वतः उर्दू माध्यमात शिकलो, त्यामुळे इंग्रजीची धास्ती काय असते हे मला कोणी सांगायला नको. पण या परीक्षेत इंग्रजी बोलून दाखवायचे नसते. इंग्रजी अचूक वाचायचे असते. 'फक्त याच यंत्रावर', 'अमुक मार्ग न वापरता', 'दुसरा रस्ता बंद पडला तरच' अशा शब्दांत प्रश्नाचा जीव असतो. असा एक शब्द नजरेतून सुटला की सारे काम फुकट. उपाय साधा आहे. प्रश्न दोनदा वाचावा, त्यातील अटी वेगवेगळ्या कराव्यात आणि आपल्या भाषेत मनाशी बोलून पाहाव्यात. कंपनीचे दस्तऐवज रोज दहा पाने वाचणारा मुलगा वर्षभरात या भाषेला सरावतो. परीक्षेच्या वेळी त्यातील काही दस्तऐवज उघडून पाहायला मिळतात, पण कुठे काय आहे हे ठाऊक नसेल तर शोधण्यातच वेळ संपतो.

चोरीच्या प्रश्नांचा बाजार

आता मुख्य दुखणे. परीक्षेतील प्रश्न पाठ करून किंवा चोरून आणून विकण्याचा एक बाजार आहे. मुले त्याला 'डंप' म्हणतात. काही क्लासवाले तर 'पास होण्याची गॅरंटी' अशी जाहिरात करतात. एवढ्या कठीण परीक्षेची गॅरंटी कोणी कशाच्या जोरावर देतो, हा साधा प्रश्न वालिदैननी विचारला पाहिजे. बाजारभावाच्या निम्म्याने माल देणाऱ्याला आपण पहिल्यांदा हेच विचारतो, की माल आला कुठून?

परीक्षेला बसणारा प्रत्येक जण प्रश्न बाहेर न सांगण्याच्या करारावर सही करतो. ती एक अमानत आहे. चोरी उघडकीस आली तर कंपनी सनद रद्द करू शकते व पुढे परीक्षेला बसण्यास मनाई करू शकते. पण समजा उघडकीस आलीच नाही, तर काय? मुलाखतीत समोरचा जाणकार फळ्यावर चार राउटर काढतो आणि विचारतो, ही जोडणी तुटली तर संदेश कुठून जाईल? तिथे पाठांतर कामाला येत नाही. मुलाखतही पार पडली, तर एखाद्या रात्री इस्पितळाचे जाळे बंद पडते आणि सारे लोक त्या क्रमांकवाल्या तज्ज्ञाकडे पाहू लागतात. तिथे त्याचे काय होईल? आणि त्याच्या पाठोपाठ त्याच गावातून, त्याच शाळेतून प्रामाणिकपणे शिकून आलेल्या मुलाकडे मालक कोणत्या नजरेने पाहील? एका पेढीने खोटा माल दिला की त्या बाजाराच्या मालावरच लोक संशय घेऊ लागतात.

मी दोष एकट्या मुलाला देत नाही. ज्या घरात दुसऱ्या खेपेची फी बाजूला ठेवलेली नसते, ज्या घरात कर्ज काढून एकाच फेकीवर सारे लावलेले असते आणि खाला-फूफी रोज निकाल विचारत असतात, त्या घरातला मुलगा नापास होण्याच्या भीतीनेच त्या बाजारात जातो. घाई घरातली असते, चोरी त्याच्या हातून होते. म्हणूनच वर मी तरतुदीची गोष्ट आधी सांगितली. ती फक्त पैशाची गोष्ट नाही. "नापास झालास तरी पुढची फी तयार आहे, तू नीट शीक" एवढे वाक्य मुलाला मिळाले, तर त्याला खोट्या वाटेची गरज उरत नाही.

शेवटी एवढेच

ही सनद कायमची नसते. तीन वर्षांची मुदत असते. त्या अवधीत पुन्हा परीक्षा देऊन किंवा शिक्षणाचे १२० गुणांक मिळवून ती ताजी ठेवावी लागते. म्हणजे शिकणे थांबले की क्रमांकाचा मानही गेला. आपल्या धंद्यातही एकदा कमावलेली पत दर मोसमात पुन्हा राखावी लागते.

तेव्हा वालिदैननी तीन गोष्टी कराव्यात. मुलाला आधी खालच्या पायऱ्या चढू द्याव्यात. फी दोन खेपांची धरावी, आणि ती कर्जाची नसावी. तारीख मुलाला ठरवू द्यावी. आणि मुलांनी एकच करावे : ज्या दिवशी समोर कोरे कागद व बंद पडलेले जाळे ठेवले तर ते आपण कोणाच्या मदतीशिवाय उभे करू अशी खात्री वाटेल, त्याच दिवशी बेंगळुरूचे तिकीट काढावे. असा मुलगा पहिल्या खेपेस आला तरी ठीक, दुसऱ्या खेपेस आला तरी ठीक. त्याचे हुनर त्याच्याजवळ आहे, आणि रोजी हुनराला मिळते.