एका रकान्यातील दोन स्त्रिया

आरोग्य पाहणीसाठी दारी आलेली अन्वेषिका घरातील स्त्रीला जे अनेक प्रश्न विचारते, त्यांत एक प्रश्न असा असतो : ‘तुमची शेवटची पाळी केव्हा आली होती?’ उत्तर दिवसांत, महिन्यांत किंवा वर्षांत लिहून घेतले जाते. या प्रश्नापुढे बसलेल्या दोन स्त्रिया कल्पाव्यात. एक ४८ वर्षांची. तिची पाळी वयोमानाने थांबलेली. दुसरी अवघी ३२ वर्षांची. तिची ‘पिशवी’ चार वर्षांपूर्वी काढून टाकलेली. अनेक विकसनशील देशांतील लोकसंख्या व आरोग्य पाहण्यांत जी नमुना प्रश्नावली दीर्घकाळ वापरली गेली, तिच्यात या दोघींसाठी सांकेतिक क्रमांक एकच होता : ‘रजोनिवृत्त अथवा गर्भाशय काढलेली’. निसर्गाने जे केले आणि शस्त्राने जे केले, ते एकाच रकान्यात जाऊन बसले.

हा प्रश्न तांत्रिक आहे, तो संख्याशास्त्रज्ञांनी सोडवावा, असे म्हणून चालणार नाही. सलग १२ महिने पाळी आली नाही आणि त्यास दुसरे शारीरिक वा आजाराचे कारण नसले, तर ती नैसर्गिक रजोनिवृत्ती, असे वैद्यकशास्त्र मानते. आपल्याकडील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचा मापदंड मात्र वेगळा राहिला आहे. १९९२-९३ पासून सुरू झालेल्या या पाहणीचे काम मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेकडे आहे. तीत ३० ते ४९ वयाची स्त्री गर्भवती नसेल, बाळंतपणानंतरच्या काळात नसेल आणि तिला सहा महिने वा अधिक काळ पाळी आली नसेल, तर ती रजोनिवृत्त गणली जाते. सहा महिन्यांच्या या जाळ्यात अनियमित पाळीच्या, आजारी, कुपोषित स्त्रियाही सापडतात. सरकारी कार्यक्रमातून २०१७ पासून दिल्या जाणाऱ्या ‘अंतरा’ या गर्भनिरोधक इंजेक्शनाने काहींची पाळी तात्पुरती बंद होते; त्याही या मापाने रजोनिवृत्तच ठरू शकतात.

गर्भाशय काढलेल्या स्त्रीची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. बीजकोश शाबूत असतील, तर पाळी थांबूनही तिच्या शरीरात संप्रेरके तयार होत राहतात. तेही काढले असतील, तर ऐन तारुण्यात तिच्यावर रजोनिवृत्ती एकाएकी कोसळते आणि हाडांची झीज व हृदयविकार यांचा धोका वाढतो. पाळीची तारीख विचारून या दोन अवस्था वेगळ्या करता येत नाहीत.

ही चूक किती महाग पडू शकते, हे बीड जिल्ह्याने दाखवून दिले. ऊसतोडणीच्या हंगामात एक खाडा पडला तरी दंड बसतो आणि मुकादमाची उचल फिटता फिटत नाही. त्यात पोटात दुखते म्हणून दवाखान्यात गेलेल्या स्त्रीला पिशवी काढण्याचा सल्ला सहज मिळतो. २०१९ साली हे प्रकरण गाजल्यावर राज्य शासनाच्या समितीसाठी ८२,३०९ ऊसतोड कामगार स्त्रियांची पाहणी झाली. त्यांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे शंभरांत जवळजवळ सतरा. राष्ट्रीय पाहणीने गर्भाशय काढण्याविषयी स्वतंत्र प्रश्न प्रथम विचारला तो २०१५-१६ मध्ये. तेव्हा १५ ते ४९ वयोगटात देशभरचे प्रमाण शेकडा सुमारे तीन निघाले. वयोगट आणि समूह भिन्न असल्याने हे आकडे थेट ताडून पाहता येणार नाहीत हे खरे. परंतु देशाच्या सरासरीत एका तालुक्याचे दुःख कसे विरघळून जाते, हे कळण्यास तेवढे पुरेसे आहे.

मुळात हा प्रश्न विचारला गेला तोच स्त्रीच्या प्रकृतीची काळजी म्हणून नव्हे. तिला अजून मूल होऊ शकते काय, तिला कुटुंबनियोजनाच्या साधनांची गरज आहे काय, हे ठरविण्यासाठी तो होता. प्रजननक्षमता संपली की शासनाचे कुतूहलही संपले! म्हणूनच पाहणीचा दरवाजा ४९ व्या वर्षी बंद होतो. भारतीय स्त्रीला सरासरी ४६-४७ च्या सुमारास रजोनिवृत्ती येते. तेव्हा तिच्या त्रासाची वर्षे जेमतेम सुरू होतात, तोच मोजणारा उठून निघून जातो.

गर्भाशयाविषयीचा स्वतंत्र प्रश्न आला ही सुधारणा स्वागतार्हच आहे. परंतु तेवढ्यावर थांबता येणार नाही. पाळी आपसूक थांबली, शस्त्रक्रियेने थांबली की औषधाने, यांची नोंद आणि कोष्टके वेगवेगळी असावीत. बीजकोश काढले आहेत काय हे विचारावे, आणि शस्त्रक्रियेचे कागद घरी असतील तर ते पाहावेत. कारण आपले काय काढले हे पुष्कळ स्त्रियांना कोणी सांगितलेलेच नसते. सहा महिन्यांच्या जोडीने बारा महिन्यांच्या मापाचेही आकडे छापावेत. वयोमर्यादा किमान साठीपर्यंत न्यावी. हीच आधारसामग्री घेऊन प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांनीही ‘अकाली रजोनिवृत्ती’ हा शब्द वापरण्यापूर्वी तीत शस्त्रक्रियेची प्रकरणे किती आहेत, हे तपासून घ्यावे.

अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राने आखलेली मार्गदर्शक तत्त्वे राज्यांनी अमलात आणावीत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली दिला आहे. परंतु अशा शस्त्रक्रिया कोठे आणि किती होतात हेच धड मोजले जाणार नसेल, तर त्या आदेशाची अंमलबजावणी तरी कशावरून पारखावयाची? बत्तीस वर्षांच्या त्या स्त्रीस अठ्ठेचाळीस वर्षांच्या स्त्रीच्या रांगेत बसवून आपण तिचे वय चुकविले नाही. तिच्यावर झालेला अन्याय वहीतून पुसून टाकला. तिला तिचा वेगळा रकाना देण्यास एक ओळ पुरेल.