'माणूस असाच असतो' म्हणणाऱ्यांनो

बाजारात एक नवं औषध आलंय. जातीवर तोंड उघडलं की साहेब लोक ते चमच्याने पाजतात. म्हणतात, "अरे, हा ग्रुपचा स्वभाव आहे. माणूस कळपाचा प्राणी. आपल्या माणसाकडे ओढा असणारच. अमेरिकेत प्रयोग झालेत यावर." झालं! मनूला विज्ञानाचं सर्टिफिकेट मिळालं. काल देवाने केलं होतं, आज मेंदूने केलं. आमच्या डोक्यावरचं ओझं तेच, वरची चिठ्ठी तेवढी बदलली.

मी मॅट्रिक. दिवसा गोदीत माल हलवतो, रात्री कविता लिहितो. पण हे प्रयोग समजायला पीएच.डी. लागत नाही. मी वाचले. आणि दोस्तांनो, हे लोक अर्धंच सांगतात. उरलेलं अर्धं खिशात घालतात. ते बाहेर काढण्यासाठी हा लेख.

पहिला प्रयोग सॉलोमन ॲशचा, १९५१ सालचा. एका कार्डावर एक रेघ, दुसऱ्यावर तीन. कुठली पहिलीइतकी लांब, एवढंच सांगायचं. शेंबडं पोरही सांगेल. पण खोलीतले बाकीचे सगळे आधीच फोडलेले. ते एका सुरात खोटं उत्तर देतात. शेवटी खरा माणूस बोलतो. साधारण तीनातल्या एका वेळेला तोही खोटंच बोलला. स्वतःच्या डोळ्यांना दिसत असताना!

साहेब इथं थांबतो. बघा म्हणतो, माणूस असाच. आता पुढचं ऐका. तीनातल्या दोन वेळेला माणूस खरंच बोलला. एकटा. सगळ्या खोलीच्या तोंडावर. हे कोण सांगतं? आणि त्याहून मोठी गोष्ट. ॲशने त्या खोलीत खरं बोलणारा दुसरा एक माणूस बसवला. एकच. चुकांचं प्रमाण एकदम चौथ्या हिश्श्यावर आलं. मग त्या साथीदाराला मध्येच बहुमताकडे पळायला लावलं. आपला माणूस पुन्हा झुकला. साथ सोडून सत्तेच्या पंगतीला बसलेले आपले पुढारी आठवा. ते एकटे जात नाहीत. मागे राहिलेल्याचे डोळेही घेऊन जातात.

दुसरा प्रयोग स्टॅनली मिलग्रॅमचा. येल विद्यापीठ, निकाल १९६३ साली छापला. करड्या कोटातला माणूस सांगतो, समोरचा चुकला की शॉक दे, वाढवत जा. शॉक खोटा होता, पण देणाऱ्याला ते ठाऊक नव्हतं. ४० पैकी २६ जण शेवटच्या ४५० व्होल्टपर्यंत गेले. हा आकडा सगळ्यांना पाठ. पण दुसऱ्या एका खेपेला शॉक देणाऱ्याच्या बाजूला दोन जण बसवले आणि त्या दोघांनी मध्येच काम नाकारलं. तेव्हा ४० पैकी फक्त चौघे शेवटपर्यंत गेले. चार! माणूस तोच, खोली तीच, कोट तोच. बदललं काय? बाजूचा 'नाही' म्हणाला. एवढंच.

मग 'माणूस असाच असतो' कुठं राहिलं? माणूस जशी मांडणी तसा असतो. आणि मांडणी कुणीतरी मांडलेली असते. तिला मालक असतो. तिच्यावर जगणारे असतात.

तिसरा प्रयोग, लताने आणि डार्ली, १९६८. खोलीत धूर सोडला. माणूस एकटा असला तर १०० पैकी ७५ जणांनी उठून कळवलं. सोबत दोन ठोंबे गप्प बसवले, तर दहातला एकच उठला. बाकीचे डोळे चोळत, खोकत कागद भरत बसले. प्रत्येकजण दुसऱ्याचं तोंड बघतो. दुसरा गप्प, म्हणजे काही नसेल.

गोदीत हे रोजचं आहे. क्रेनला लावलेली वायर झिजलेली आहे, तारा सुटल्यात. सगळ्या टोळीला दिसतं. सगळे एकमेकांची तोंडं बघतात. पण इथं त्या प्रयोगाला एक ठिगळ लावावं लागतं. आमच्या खोलीत धुरासोबत मुकादमही असतो. कंत्राटी माणूस बोलला तर उद्या त्याचा गेटपास निघेलच असं नाही. आमची गप्पी मनाच्या कोपऱ्यात जन्मत नाही, ती हजेरीच्या वहीत जन्मते. मानसशास्त्रवाल्यांनो, तुमच्या खोलीत पगार कोण देतो, हे पण मोजा की कधी!

आणि हीच गोष्ट खैरलांजीला लावून दाखवतात तेव्हा डोकं फिरतं. २९ सप्टेंबर २००६. भंडारा जिल्हा. भोतमांगे कुटुंबातल्या चौघांना ठार मारलं. गाव गप्प. साहेब म्हणतो, गर्दीत जबाबदारी वाटली जाते, म्हणून लोक गप्प राहतात. अरे, लताने-डार्लीच्या खोलीत एकमेकांना अनोळखी माणसं होती! गावात सगळे सगळ्यांना ओळखत होते. मारणाऱ्यालाही, मरणाऱ्यालाही. तिथं जबाबदारी वाटली गेली नाही, तिथं जात वाटलेली होती आधीपासून. २००८ साली भंडाऱ्याच्या कोर्टाने शिक्षा सुनावली, पण हा जातीय अत्याचार आहे हे मानलं नाही. म्हणजे बघ्यांच्या रांगेत कायदाही येऊन उभा राहिला.

साहेबाचं औषध कुठं नासतं ते आता पाहा. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या दोघींनी उत्तर प्रदेशात शाळकरी मुलांना कागदावरची चक्रव्यूहाची कोडी सोडवायला दिली. जितकी सोडवली तितके पैसे. निकाल २००४ साली आला. जात न पुकारता बसवलं तेव्हा दलित पोरं सवर्ण पोरांच्या बरोबरीने सोडवत होती. मग नावासोबत सगळ्यांसमोर जात पुकारली. दलित पोरांची कोडी घसरली. तीच बोटं, तेच डोकं. फरक एका पुकाऱ्याचा. आता गुणवत्तेच्या नावाने छाती पिटणाऱ्यांनो, बोला! तुमची अर्धी गुणवत्ता आमच्या हजेरीच्या पुकाऱ्यात आहे.

पोरगा तरी शिकून पुढे गेला तर? सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी नोकरीच्या जाहिरातींना अर्ज धाडले. शिक्षण सारखं, फक्त आडनावं वेगळी. २००७ साली छापलं. दलित आडनावाला बोलावणं येण्याची शक्यता सवर्ण आडनावाच्या दोन तृतीयांश. साहेब याला 'आपल्या माणसाकडे ओढा' म्हणेल. आम्ही याला चोरी म्हणतो.

हे सगळं आम्हाला नवं आहे का? १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात एका पंचविशीतल्या पोराने निबंध वाचला. नाव भीमराव रामजी आंबेडकर. गाब्रिएल तार्दचा अनुकरणाचा सिद्धांत त्याने हातात घेतला आणि दाखवून दिलं, की वरच्याने दार बंद केलं, खालच्याने नक्कल केली, आणि काहींना तर दार बाहेरूनच बंद झालेलं आढळलं. समूहाचं मानसशास्त्रच वापरलं बाबासाहेबांनी. पण जातीला माफी देण्यासाठी नाही, तिचे खिळे कुठं ठोकलेत ते दाखवण्यासाठी.

आता आपल्याकडे बघू. साहेबाला शिव्या घालून मोकळं होणं सोपं आहे. हेन्री टाजफेलने १९७१ साली छापलं, की इंग्लंडातली पोरं नुसत्या चित्रांच्या आवडीवरून दोन गटांत टाकली, तरी आपल्या गटाला जास्त पैसे वाटू लागली. एकूण पैसे कमी मिळाले तरी चालतील, पण दुसऱ्यापेक्षा जास्त पाहिजेत! ओळखीचं वाटतं ना? रिपब्लिकन पक्ष १९५७ साली उभा राहिला. आज त्याचे गट मोजायला हाताची बोटं पुरत नाहीत. आपल्या वस्तीत पोटजात विचारूनच सोयरीक होते. आपल्या बैठकीत बाई बोलायला उठली की कोपऱ्यातून एक खिदळतो, मग त्याच्याकडे बघून दहा खिदळतात. तिथं कुठला ब्राह्मण बसलेला असतो? ती खोली आपण मांडलेली आहे.

म्हणून पोरांनो, माझं म्हणणं एवढंच. पहिल्या माणसाला आपण हुतात्मा करतो, त्याचा फोटो लावतो, हार घालतो. पण प्रयोग ओरडून सांगतोय की सगळं दुसऱ्यावर अडलंय. एकटा माणूस वेडा ठरवता येतो. दोघांना वेडं ठरवणं जड जातं. पाळीवर कुणी म्हणाला, "वायर बदला," तर लगेच दुसऱ्याने म्हणायचं, "होय, बदला." बैठकीत बाई बोलली आणि कुणी हसला, तर शेजारच्याने म्हणायचं, "गप. तिला बोलू दे." ऑफिसात कुणी आडनाव विचारून तोंड वाकडं केलं, तर तिथल्या आपल्या माणसाने खाली मान घालायची नाही.

खोली त्यांनी मांडली आहे. रेघ मात्र आपल्याला दिसते. ती जेवढी आहे तेवढीच सांगा. आणि दुसऱ्याने सांगितली, तर त्याला एकटं सोडू नका.