गोल किती केले, हा प्रश्नच चुकीचा

हॉकी खेळणाऱ्या मुलीला आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो: "गोल किती केलेस?" ती बचावफळीत खेळते म्हटलं, की विचारणाऱ्याचा रस संपतो. त्यात ती ठाकुर्लीसारख्या उपनगरातली असेल, तर "दहावीपर्यंत खेळ, पुढे अभ्यासाचं बघ" असा सल्लाही मिळतो. या वृत्तीमागे तीन आक्षेप आहेत आणि तिन्ही तपासून पाहिले पाहिजेत.

पहिला आक्षेप असा, की बचावपटूच्या नावावर काही जमा होत नाही, म्हणून तिची कारकीर्द दुय्यम. राजगीरला नोव्हेंबर 2024 मध्ये झालेली महिलांची आशियाई चॅम्पियन्स ट्रॉफी बघा. भारताच्या दीपिकाने 11 गोल केले, तिचं कौतुक झालं आणि ते रास्तच होतं. पण त्याच स्पर्धेत भारताने सात सामन्यांत मिळून फक्त दोन गोल खाल्ले, दोन्ही कोरियाविरुद्ध. अंतिम सामना चीनविरुद्ध 1-0 असा जिंकला. एका गोलावर सुवर्णपदक मिळतं, ते समोरच्याला शून्यावर रोखलं म्हणूनच. रोखणाऱ्या त्या फळीत उदिता, ज्योती, इशिका चौधरी, मणिपूरची सुशीला चानू आणि आपल्या फलटण तालुक्यातली वैष्णवी फाळके होत्या.

या कामाची किंमत पेनल्टी कॉर्नरला कळते. गोलरक्षक आणि चार बचावपटू गोलरेषेमागे तोंडावर मास्क चढवून उभ्या असतात. बाकीचा संघ मध्यरेषेपलीकडे. चेंडू आत ढकलला गेला, की पहिली धावणारी थेट ड्रॅग फ्लिक मारणारीच्या अंगावर जाते. अर्धवर्तुळ साडेचौदा मीटरच्या आसपासचं, त्यामुळे विचार करायला वेळच नसतो. स्टिक कुठे टेकवायची, कोणता कोन झाकायचा आणि कोणता गोलरक्षकासाठी सोडायचा, हे आधी ठरलेलं असावं लागतं. चेंडू गुडघ्यावर बसू शकतो हे ठाऊक असूनही ती धावते. गोल झाला नाही, तर धावफलकावर काहीच उमटत नाही. कारकीर्द मोजायची आपली पट्टी अपुरी आहे, तिचा खेळ अपुरा नाही.

शिवाय बचावपटू गोल करत नाहीत हेही खरं नाही. 2 ऑगस्ट 2021 रोजी टोकियोत ऑस्ट्रेलियाला 1-0 ने हरवून भारतीय महिला प्रथमच ऑलिंपिकच्या उपांत्य फेरीत गेल्या. तो गोल गुरजीत कौरचा, आणि गुरजीत बचावपटू आहे.

दुसरा आक्षेप सुशीला चानूवर घेतला जातो. 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ती कर्णधार होती आणि भारत बाराव्या, म्हणजे शेवटच्या क्रमांकावर राहिला. ही गोष्ट खरी, पण अर्धीच. 1980 च्या मॉस्को ऑलिंपिकनंतर भारतीय महिला हॉकी संघ तब्बल 36 वर्षांनी ऑलिंपिकमध्ये उतरला होता. त्या संघाने मार खाल्ला, पण पुढच्याच ऑलिंपिकमध्ये भारत चौथा आला आणि त्या संघातही सुशीला होती. त्याआधी 2013 मध्ये तिच्याच नेतृत्वाखाली भारताने जर्मनीत ज्युनियर विश्वचषकाचं कांस्यपदक मिळवलं होतं. एका वाईट स्पर्धेवरून अशा कारकिर्दीचा निकाल लावणं हा अन्याय आहे.

तिसरा आक्षेप पोटापाण्याचा: हॉकी पंजाब-झारखंडचा खेळ, आपल्या मुलींना त्यात काय मिळणार? 1982 च्या दिल्ली एशियाडमध्ये सुवर्ण जिंकणाऱ्या महिला संघाची कर्णधार एलिझा नेल्सन पुण्याची. वैष्णवी सातारा जिल्ह्यातल्या शेतकऱ्याची मुलगी, पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडलेली. सुशीलाला नोकरी दिली ती मध्य रेल्वेने, तिकीट तपासनीस म्हणून. रेल्वेच्या चोळा पॉवर हाऊसच्या काळापासून जिचा संसार रेल्वेशी बांधलेला आहे, त्या ठाकुर्लीला हे परकं वाटायचं कारण नाही. ज्या मध्य रेल्वेच्या लोकलने आपण रोज कामाला जातो, तिच्याच नोकरीत भारताची कर्णधार घडली.

अडचणी नाहीत असं मी म्हणत नाही. ॲस्ट्रोटर्फवरच्या सरावासाठी चर्चगेटचं महिंद्रा स्टेडियम गाठायचं, तर ठाकुर्लीला जलद गाडी थांबत नाही. धीमी पकडायची, दादरला बदलायची आणि अंधार पडल्यावर परतायचं. शाळकरी मुलीसाठी हे सोपं नाही. पण यातून खेळ सोडावा असा निष्कर्ष निघत नाही, खेळ घराजवळ आणावा असा निघतो.

म्हणून मागणी साधी आहे. रेल्वेच्या मैदानावर मुलींसाठी हॉकीच्या ठरलेल्या वेळा द्या. ठाकुर्ली-डोंबिवलीच्या शाळांनी क्रिकेटच्या किटसोबत डझनभर हॉकी स्टिकही घ्याव्यात. महापालिकेने क्रीडा धोरण आखताना एक टर्फ कल्याण-डोंबिवलीत हवंच, हे मान्य करावं. आणि आईवडिलांनो, मुलगी सामना खेळून आली, की गोल किती केलेस हे विचारण्याआधी किती अडवलेस ते विचारा.