हिशेब यंत्राचा की माणसाचा?

मोटार हाकणाऱ्यासमोर वेग व पेट्रोल दाखविणारी जी फळी असते, तिला डॅशबोर्ड म्हणतात. संगणकाच्या व्यवहारात हाच शब्द आकडे व आलेख एकत्र दाखविणाऱ्या फलकास लावतात. प्रोग्राम लिहिण्यास साह्य करणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आता कचेऱ्यांतून सर्रास वापरली जातात, आणि त्यांच्या वापराची मोजदाद करणारा असा फलक कित्येकजण स्वतःच्याच संगणकावर उभारू लागले आहेत. हा उपक्रम स्तुत्य आहे. परंतु त्यास मर्यादेचे कुंपण हवे, असे आमचे नम्र मत आहे.

प्रथम त्याची आवश्यकता पाहू. ही साधने मजकूर 'टोकन' नामक तुकड्यांत मोजतात. टोकन म्हणजे कधी अखंड शब्द, तर कधी शब्दाचा अंश. वापरावर आकारणी असेल तेथे जितकी टोकने आत जातील व बाहेर येतील, तितके मोल पडते. विचारणारा एका ओळीचा प्रश्न विचारतो. पण उत्तरासाठी साधन अनेक फायली वाचून काढते, आणि त्या वाचनाचेही दाम लागतात. महिनाअखेर बिल पाहून डोळे पांढरे होण्यापेक्षा रोजचा खर्च रोज दिसावा, हे केव्हाही बरे.

उभारणीची रीत फारशी कठीण नाही. 'क्लॉड कोड' या साधनाचेच उदाहरण घेऊ. त्यातील ही मोजदाद वापरणाऱ्याने स्वतः चालू करावी लागते. मग 'ओपनटेलिमेट्री' या २०१९ साली आकारास आलेल्या खुल्या पद्धतीने आकडे बाहेर पडतात. २०१२ साली सुरू झालेला 'प्रोमिथियस' ते कालक्रमाने साठवितो आणि 'ग्राफाना' त्यांचे आलेख काढतो. वेगळी सूचना न दिल्यास प्रोमिथियस आकडे १५ दिवसच राखतो. सबंध महिन्याचा हिशेब हवा असल्यास मुदत वाढवून घ्यावी. प्रश्नोत्तरे साधनाच्या कंपनीकडे जातातच. पण हिशेबाची वही तरी आपल्या घरात राहते.

खरा प्रश्न पुढेच आहे. ही वही वाचावयाची कशासाठी? टोकने व खर्च यांच्याबरोबरच साधनाने लिहिलेल्या ओळींची संख्याही फलकावर येते, आणि कोणी किती वापर केला हेही दाखविता येते. येथे वरिष्ठांना मोह होतो. ज्याच्या ओळी अधिक तो कष्टाळू, असे मानले की अनर्थ ओढवलाच! १९८२ साली ॲपल कंपनीत प्रत्येकाने आठवड्यास किती ओळी लिहिल्या, हे कळविण्याचा नियम निघाला. बिल ॲटकिन्सन यांनी त्याच सुमारास एक भाग नव्याने लिहून तो पुष्कळच वेगवान केला होता, आणि त्यात सुमारे २००० ओळी कमी झाल्या होत्या. त्यांनी कागदावर 'उणे २०००' असा आकडा भरला! ओळी मोजून कामाची पारख होत नाही, हे त्या एका आकड्याने सिद्ध केले.

कोणी म्हणेल, पैसा ज्याचा त्याने पाहू नये काय? खर्च अवश्य पाहावा. परंतु त्या साधनात प्रश्नांचा मजकूरही नोंदविण्याची सोय आहे. ती मुळात बंद असते, व बंदच राहावी. वर्गात शंका विचारणाऱ्याची नावे आम्ही वहीत टिपू लागलो, तर वर्ग शांत होईल. शहाणा होणार नाही. आपले अज्ञान टिपले जात आहे असे ज्याला वाटते, तो विचारणेच सोडून देतो.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच, की हिशेब यंत्राचा असावा, माणसाचा नव्हे. ज्यांचा वापर मोजला जातो त्यांना ते आधी सांगावे. आणि फलक वरिष्ठांप्रमाणे त्यांनाही पाहता यावा. विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी कित्येक उद्या पणजी, पुणे वा बेंगळुरू येथील कचेऱ्यांत असे फलक उभारतील. त्या वेळी आकड्यामागच्या माणसाचा मान राखण्यास विसरू नका.