गाडीचे नाक

दसऱ्याला आपण गाडी धुतो, तिला झेंडूचा हार घालतो, चाकाखाली लिंबू ठेवतो. दिवाळीत गृहिणी घराची जळमटे काढतात, माळ्यावरचे डबे उतरवून घासतात. एवढ्या साफसफाईत गाडीचे नाक मात्र कुणाच्या ध्यानात येत नाही. बॉनेटखाली एका काळ्या डबीत ते गुपचूप बसलेले असते. त्याला एअर फिल्टर म्हणतात.

गाडी पेट्रोल किती पिते हे घरातले शेंडेफळही सांगते, पण ती हवा किती पिते हे विचारले तर मोठी माणसेही गप्प बसतात. एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे पावणेपंधरा किलो हवा लागते. म्हणजे एका लिटरमागे नऊ हजार लिटरच्या आसपास हवा! नांदेडहून लोहा, चाकूर करीत लातूरला जाताना दहा लिटर पेट्रोल जळले, तर नव्वद हजार लिटर हवा इंजिनातून गेली. लातूरकरांना टँकरचा हिशेब शिकवायला नको. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने आलेले पाणी त्यांनी भरले आहे. दहा हजार लिटरचे नऊ टँकर भरतील एवढी ही हवा, आणि तीही एका बाजूच्या प्रवासाची!

आता ही हवा कुठली, तर मराठवाड्याची. दिवाळीच्या सुमारास शेताशेतांत सोयाबीनची मळणी चाललेली असते, उसाचे ट्रॅक्टर रस्त्याच्या कडेची काळी माती उडवीत धावतात आणि उन्हाळ्यात तर विचारूच नका. या धुळीत गारगोटीच्या जातीचे बारीक कण असतात. गारगोटी पोलादी सुरीवरही ओरखडा काढते. मग पिस्टनच्या रिंगांची आणि सिलिंडरच्या गुळगुळीत भिंतीची काय कथा? आपल्या केसाच्या जाडीच्या पाव हिश्श्याएवढा कणही तेलाच्या पातळ थरात शिरून पॉलिश पेपरचे काम करतो. मग गाडी धूर सोडते, ऑइल खाऊ लागते, आणि मेकॅनिक मान हलवून म्हणतो, “साहेब, इंजिन खोलावं लागंल.” हे शब्द ऐकण्याचा खर्च किती, ते ज्याने ऐकले त्यालाच ठाऊक!

अशा वेळी घरचे चिरंजीव एक चकचकीत शंकूच्या आकाराचा फिल्टर दाखवून म्हणतात, “पप्पा, हा बसवू या. पिकअप वाढतो, आवाज तर एकदम रेसच्या गाडीसारखा!” पप्पांना आवाजाची भीती वाटते आणि चिरंजिवांना आवाजाचीच ओढ. भांडण्यापूर्वी दोघांनी एक गोष्ट समजून घ्यावी.

फिल्टरचीही परीक्षा असते आणि ती चांगली कडक असते. आयएसओ ५०११ नावाच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत ठरावीक धूळ सोडून तीन विषय तपासतात: हवेला अडथळा किती, धूळ किती पकडली, आणि तुंबण्यापूर्वी किती धूळ पोटात मावली. लातूर पॅटर्नच्या गावाला सांगायला नको की एका विषयात पैकीच्या पैकी मिळवून पहिला नंबर येत नाही. जाहिरात मात्र बहुधा पहिल्याच विषयाचे गुण सांगते. तेव्हा दुकानदाराला बाकीच्या दोन विषयांचे गुण जरूर विचारा. उत्तर मिळाले नाही, तर तेही एक उत्तरच समजा.

बाजारात मुख्यतः तीन जाती मिळतात. पहिली घडीच्या कागदाची, कारखान्यातून येते ती. ती धूळ उत्तम पकडते, पण धुता येत नाही. मळली की बदलायची. दुसरी तेल लावलेल्या सुती कापडाची. जखमेवर बांधतात त्या गॉजसारख्या कापडाचे थर तारेच्या जाळीत धरलेले असतात. नांदेड म्हणजे कापसाचे गाव. तिथल्या संशोधन केंद्राच्या ‘एनएचएच ४४’ वाणाने शेतकऱ्यांत नाव कमावले. त्यामुळे कापसाचे हे काम आपल्याला परके वाटू नये. ही जात धुऊन पुन्हा वापरता येते. तिसरी तेल लावलेल्या फोमची. ती मोटारसायकलींत आणि धुळीच्या शर्यतींत अधिक दिसते.

फायदा किती? आधुनिक गाडीत स्वच्छ कागदी फिल्टरचा अडथळा मुळातच थोडा असतो, म्हणून नुसता फिल्टर बदलून वाढणारी ताकद सहसा जाणवत नाही; जाणवतो तो आवाज. अमेरिकेच्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये तपासले, तेव्हा आधुनिक पेट्रोल गाड्यांत तुंबलेल्या फिल्टरने ॲव्हरेज फारसा घटला नाही, पिकअप मात्र मंदावला. उघडा शंकू तर बॉनेटखालची तापलेली हवा ओढतो. गरम हवा विरळ असते. दर तीन अंशांमागे ती सुमारे एक टक्का विरळ होते आणि ताकदही घटते. मे महिन्यात लातुरात हा सौदा आतबट्ट्याचाच! हवेची नळी फार खाली नेली, तर पावसाळ्यात ओढ्याचे पाणी इंजिनात शिरायची भीती वेगळीच. हौस करायचीच, तर मूळ डबीत चपखल बसणारा सुती फिल्टर घ्यावा. मूळ रचनेत फेरफार करण्यावर मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ ची बंधने आहेत, आणि वॉरंटीचा कागदही आधी वाचावा.

आता निगा. पुस्तिकेत लिहिलेली मुदत चांगल्या रस्त्यांसाठी असते. आपल्या धुळीत ती निम्मी धरा. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरने कागदी फिल्टरवर जोरात हवा मारू नका, कागदाला डोळ्यांना न दिसणारी भोके पडतात. सुती फिल्टरला त्याचेच क्लीनर लावून दहा मिनिटे थांबा, आतून बाहेर अशा दिशेने नळाच्या मंद धारेने धुवा, सावलीत पूर्ण वाळवा, मग तेल द्या. तेल बेताने! ते जास्त झाले तर पुढे हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या नाजूक तारेवर जाऊन बसते; कमी पडले तर धूळ सरळ आत. सारखे उघडून पाहण्याची खोडही बरी नव्हे. प्रत्येक वेळी कडेचे रबर हलते.

शेवटी एक बिनपैशाची परीक्षा. फिल्टरच्या पुढची, इंजिनाकडे जाणारी नळी पांढऱ्या फडक्याने आतून पुसा. फडके स्वच्छ निघाले तर फिल्टर महाग असो की स्वस्त, तो पास! त्यावर मातीची रेघ उमटली, तर फिल्टर कितीही नामांकित असला तरी त्याला घरी पाठवा. या दिवाळीत पप्पांनी आणि चिरंजिवांनी मिळून एवढे एक फडके फिरवावे. भांडणाचा निकाल तेच देईल.